गरज नसलेली तपासणी

माझ्या वडलांच्या लघवीपासून सुरुवात करते. कुणाला अवघडल्यासारखं झालं तर होऊ द्या. आमच्या घरात हे अवघडलेपण दोन वर्षं आमच्यासोबत जेवायला बसत होतं आणि कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही.

पप्पा अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. केमिस्ट नव्हेत, केमिस्टच्या हाताखाली. रसाचे नमुने आणायचे, गाळायचे, काचेच्या नळीत भरायचे, नळी यंत्रात ठेवून आकडा वाचायचा. निवृत्त झाल्यावरही कुणी उसाचं कांडं हातात दिलं की आधी चावून बघायचे आणि निकाल द्यायचे, "आजून पंधरा दिवस उभा पाह्यजे व्हता." त्यांचं चुकायचं नाही.

मी पत्रकं लिहिते. आरोग्याच्या प्रश्नावर काम करणारी आमची छोटी संघटना आहे, तालुक्यातल्या गावांत फिरते. कॉलेजात असताना मला पत्रक लिहायला शिकवलं गेलं. वाक्य छोटं. प्रश्न मोठ्या अक्षरात. शेवटी मागणी. वाचणारा बसून राहिला तर पत्रक नापास. बायकांच्या संडासावर मी लिहिलं, पाळीवर लिहिलं, बाळंतपणाच्या खाटेवर एका चादरीत दोन बाया का, यावर लिहिलं. आणि माझ्या घरातला माणूस लग्नाच्या मांडवात दाराजवळची खुर्ची धरतो, एसटीत बसायचं असलं की सकाळपासून पाणी तोंडाला लावत नाही, विहारात वंदना चालू असताना दोनदा उठून बाहेर जातो, हे मला दिसलं नाही. आईला दिसत होतं. तिला मी नंतर जाब विचारला, तर ती माझ्यावरच उलटली.

"बापाला असलं इचारती का कुणी पोरगी? अन् मी इचारलं तर म्हणायचे, वय झालं. मंग झालं वय. माझंबी झालं."

एका दुपारी लघवी पूर्ण अडली. अंबडला नेईपर्यंत ते जीपच्या दांडीला धरून उभेच होते, बसता येत नव्हतं. नळी घातली. रक्त तपासलं. प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला म्हणून औरंगाबादच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं प्रोस्टेटमधून सुईनं धाग्यासारखे बारा तुकडे काढले आणि त्यांत कॅन्सर निघाला. हाडांचा स्कॅन झाला, त्यात काही दिसलं नाही.

डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. पप्पांकडे बघून बोलत होते, हे मला आवडलं. "काका, आजार आहे, जरा तापट जातीचा आहे. पण हाडांत गेलेला दिसत नाही. हार्मोनचं इंजेक्शन याच आठवड्यात चालू करू. मग रेडिएशन."

पप्पांनी मान हलवली. मी मात्र तयारी करून गेले होते. तीन रात्री मोबाईलवर वाचून काढलं होतं. शरीरातल्या पेशी एकमेकींना धरून असतात, ते धरण्याचं काम काही प्रोटीनं करतात, त्यातल्या एकाचं नाव ई-कॅडहेरिन. कॅन्सरच्या पेशींत ते कमी झालं की पेशी सुट्या होतात आणि निघून जाऊ शकतात. प्रोस्टेटच्या तुकड्यावर त्याची तपासणी करता येते, आजार पुढं कसा वागेल याचा त्यातून अंदाज बांधायचा प्रयत्न चालतो. एवढं वाचलं होतं. अर्धं समजलं होतं.

"ई-कॅडहेरिनची तपासणी केली का?" मी विचारलं.

डॉक्टर चमकले. "ती आपण करत नाही, ताई. तिची गरज नाही."

इथं मला थांबून सांगायला पाहिजे की हे वाक्य माझ्या कानाला कसं लागतं. आमच्या माणसाला गरज नाही. हे वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. तुम्हाला शाळेची गरज नाही, पायात चपलेची गरज नाही, गावच्या पाण्याची गरज नाही. छप्पन्न साली माझ्या पणजोबांनी धम्म घेतला तेव्हाही गावात कुणीतरी म्हणालंच होतं, याची काय गरज होती. डॉक्टर पुढं समजावत होते की या तपासणीनं उपचार बदलत नाही, अजून ती संशोधनातच जास्त वापरतात, आजाराची प्रत नेहमीच्या स्लाइडवर कळलेली आहे. मी ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं होतं. पैसेवाल्याच्या बापाची होते. माझ्या बापाची का नाही?

बाहेर आल्यावर मी पप्पांना म्हणाले, "अर्धवट तपासणीवर उपचार घ्यायचा नाही. आधी ती तपासणी. मग इंजेक्शन."

हे वाक्य माझ्याच एका पत्रकातलं होतं. चांगलं वाक्य होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्याला.

पप्पा भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "तपासणीनं साखर वाढत नसती, बाई. ऊस तोडला की कारखान्याच्या गव्हाणीत टाकावा. वजनकाट्यावर वाळवीत न्हाई ठेवत."

"पप्पा, हा ऊस नाही."

"बरं," ते म्हणाले. "तुला कळतंय ते बराबर आसंल."

म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की मला कुणी सांगितलं नाही.

मग मी लढले. लढायचं कसं ते मला येतं. अर्ज दिला, अर्जाची पोच घेतली, स्मरणपत्र दिलं. दवाखान्याच्या अधीक्षकांच्या दाराबाहेर अकरा जण बसलो. उन्हाळा होता. त्यातल्या चार बाया वडीगोद्रीच्या, भाकरी बांधून आलेल्या. शिपाई म्हणाला, "कशासाठी बसलात, मावशी?" तर एक जण म्हणाली, "प्रोटीनसाठी." शिपायाला वाटलं अंगणवाडीच्या खाऊचं काही असेल, त्यानं आम्हाला दुसऱ्या इमारतीचा पत्ता दिला. आम्ही खूप हसलो. त्या दिवसाचा फोटो आहे माझ्याकडे. मी हसतेय. इंजेक्शन न घेतल्याचा तो सोळावा दिवस.

तरुण डॉक्टरांचा दोनदा फोन आला. "ताई, तपासणीचं काय ते होईल, पण काकांना घेऊन या. इंजेक्शन अडवून ठेवू नका." मला वाटलं, आंदोलन मोडायला बघतायत. मोर्चाच्या आदल्या दिवशी साहेब लोक असेच गोड बोलतात.

शेवटी आम्ही जिंकलो. तिथल्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी, निवृत्तीला आलेल्या बाई होत्या, पप्पांच्या तुकड्यांचा मेणाचा ठोकळा ओळखीच्या संस्थेकडे पाठवला. बायोप्सीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, वड्यांएवढे ठोकळे असतात, त्यातून केसाहून पातळ काप काढतात. काप रंगवून परत आला तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. मला एकटीलाच. पप्पा बाहेर बाकावर बसले, दाराजवळच्या.

दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. मॅडम म्हणाल्या, "डोळा लाव. ही निरोगी जागा."

मी बघितलं. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ. शेजारणीची रेघ हिच्या रेघेला लागलेली. सगळं मिळून एक जाळी, मधाच्या पोळ्यासारखी, कुठं तुटलेली नाही. मला ते सुंदर वाटलं. आमच्या बॅनरवर छापावं असं वाटलं, खरंच सांगते.

"आता इकडं ये." त्यांनी काच सरकवली.

तिथं रेघा नव्हत्या. सुरुवातीला तुटक होत्या, कुठं अर्धी, कुठं नुसता डाग. पुढं त्याही नाहीत. निळ्या ठिपक्यांची गर्दी, आणि कुणाचा कुणाला हात लागलेला नाही. मी डोळा काढला, पुसला, परत लावला. तेच.

"याचा अर्थ काय, मॅडम?"

"अर्थ नीट ऐक. खूप रुग्ण एकत्र ठेवून बघितले की ज्यांच्यात हे प्रोटीन हरवलेलं असतं त्यांचा आजार पुष्कळदा जास्त पसरतो. सगळ्यांचा नाही. तुझ्या एकट्या वडलांचं काय होणार ते ही काच सांगत नाही. प्रत वाईट आहे हे आपल्याला आधीच माहीत होतं, ही काच त्याला हो म्हणतेय, इतकंच."

"मग उपचार बदलणार का?"

"नाही. तेच इंजेक्शन, तेच रेडिएशन." मग त्यांनी विचारलं, "इंजेक्शन केव्हा चालू झालं?"

"झालं नाही अजून."

त्यांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "पाच आठवडे?"

"तपासणीसाठी थांबलो होतो."

त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं, रागाला उत्तर द्यायचा मला सराव आहे. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "उद्या सकाळी घेऊन ये त्यांना," म्हणाल्या. पाच आठवड्यांनी काही बिघडलं असेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक नसेल. पण नाहीच, असं मी म्हणू शकत नाही. ते बघायला काही रंग नाही."

बाहेर आले. पप्पा उठून उभे राहिले, नमुना घेऊन साहेबासमोर उभं राहायची त्यांची जुनी सवय.

"काय आलं गं?"

"चांगलं आलं," मी म्हणाले. "प्रोटीन आहे. भरपूर आहे."

माझ्या एका पत्रकाचं नाव आहे, 'तुमचा रिपोर्ट, तुमचा हक्क'. डॉक्टर रुग्णाला अंधारात ठेवतात म्हणून मी त्यात डॉक्टरांना सोलून काढलंय. त्याच्या हजार प्रती वाटल्या आम्ही. उरलेला गठ्ठा घरी माळ्यावर होता. पप्पांचा रिपोर्ट मी त्या गठ्ठ्यात घातला. दुसरी जागा सापडली नाही असं नाही. तिथं कुणी बघणार नाही हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन दिलं. मग दर तीन महिन्यांनी. मधल्या काळात रेडिएशनही झालं. रक्तातला आकडा खाली आला, नळी निघाली, पप्पा पोटभर पाणी प्यायला लागले. इंजेक्शननं त्यांना घामाच्या वाफा यायच्या. भर जेवणात सदरा काढून बसायचे.

"तुला पाळी बंद व्हतानी आसंच व्हायचं का गं?" ते आईला विचारायचे.

"व्हायचं. तवा तुमी म्हणायचे, नाटकं करती."

"चुकलं माझं."

"आता बसा उघडे. मी वारा घालते, तुमच्यावानी पेपर न्हाई वाचत बसणार."

घर हसायचं. मी हसायचे आणि त्यांच्याकडे बघायचे. त्यांच्या उघड्या पाठीकडे. हा माणूस बरा दिसतोय आणि माझ्याजवळ त्याची एक काच आहे. त्यांनी कुशी बदलताना "हं" केलं तरी मला वाटायचं, कण्यात गेलं. चप्पल शोधायला वाकून उठायला वेळ लागला की मी मोजायचे. ती जाळी मला कुठंही दिसायला लागली. आईच्या स्वेटरच्या विणीत. वाफ्यातल्या भेगाळलेल्या काळ्या मातीत. बैठकीत लोक मांडीला मांडी लावून बसले की मी नकळत त्यांच्यामध्ये रेघ आहे का बघायचे. माणूस मेल्यावर घरात वावरतो म्हणतात. मी असलं काही मानत नाही, आमच्या घरात कुणीच मानत नाही. पण जिवंत माणूस समोर भाकरी खातोय आणि त्याच्या जागी त्याचं पुढचं काहीतरी बसलेलं दिसतंय, याला काय म्हणायचं ते कुठल्या पत्रकात नव्हतं. रात्री ते आता उठत नव्हते. मी उठायचे.

मग वडीगोद्रीची सभा झाली. पुरुषांच्या आजारांवर बोलायचं होतं. आता पुरुषांची लघवी मला दिसायला लागली होती. महामार्गाच्या कडेला शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या, साठेक माणसं आली, बरीचशी हसायला. मी बोलले. लोक खाली बघत राहिले. मी म्हणाले, कुणाला त्रास असेल तर हात वर करा. कुणी करत नव्हतं.

मागून पप्पा उठले. ते येणार हे मला ठाऊक नव्हतं, मागच्या बसनं आले होते. इस्त्रीचा सदरा. ज्या माणसानं दोन वर्षं बायकोला सांगितलं नाही तो साठ पुरुषांसमोर उभा राहिला.

"मला झाल्ता," पप्पा म्हणाले. "लघवी आडली व्हती. लाजू नका, मी लाजलो अन् मरत व्हतो. माझ्या पोरीनं औरंगाबादला धरणं धरलं अन् माझी पेशल टेस्ट करून घेतली. आपल्या भागातला मी पयलाच. डॉक्टर न्हाई म्हणत व्हते. ती टेस्ट बिलकुल चांगली आली. म्हणून मी आज तुमच्यापुढं उभा हाये. तुमीबी सोडू नका. टेस्ट मागून घ्या."

टाळ्या पडल्या. पाच-सहा हात वर झाले. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, असं बघितलं की त्या बघण्याची मी लहानपणापासून वाट बघत होते. मला टाळी वाजवता आली नाही.

सभा संपल्यावर बसची वाट बघत आम्ही रस्त्याकडेच्या हॉटेलात बसलो. त्यांनी दोन चहा सांगितले. बसमध्ये बसायच्या आधी ते चहा मागवतायत हेच नवल होतं. मी तिथं सांगितलं. सगळं. जाळी, निळे ठिपके, मॅडमचा चष्मा, माळ्यावरचा गठ्ठा.

त्यांनी चहा बशीत ओतला. मला वाटलं विचारतील, मी किती दिवस जगणार. त्यांनी ते विचारलं नाही.

"रिपोर्ट खराब आला म्हणून इंजेक्शन बदललं का?"

"नाही."

"चांगला आला आस्ता तर?"

"तरी तेच इंजेक्शन."

"म्हंजी टेस्टच्या आदी जे करायचं व्हतं, टेस्टच्या नंतरबी तेच केलं."

"हो."

"मंग पाच हप्ते आपण कशासाठी थांबलो, बाई?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच माहिती पाहिजे होती, प्रयोगशाळेत एखादा आकडा जुळला नाही की विचारतात तशी. मी म्हणाले, "माझ्यासाठी." बस आली. ते खिडकीशी बसले, मी शेजारी. आमचे खांदे गाडीच्या हिसक्यानं लागत होते आणि सुटत होते. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून गठ्ठा काढायला लावला, चष्मा लावून रिपोर्ट वाचला, दोन शब्दांचे अर्थ विचारले, घडी घालून फायलीत ठेवला.

आठच दिवसांनी वडीगोद्रीहून एक माणूस आला. सभेत हात वर केलेल्यांपैकी एक, पन्नाशी ओलांडलेला शेतकरी, प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. त्याचंही निदान सभेच्या आधीच झालं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं होतं. त्यानं घेतलं नव्हतं.

"आदी ती टेस्ट करून द्या, ताई. तुमच्या वडलांची केली ती. मंग इंजेक्शन."

मी सांगितलं की ती तपासणी लागत नाही. उद्याच जा, इंजेक्शन घ्या. मी जमेल तेवढं समजावलं, आणि मी बोलत असताना त्याचा चेहरा बंद होत गेला. मला तो चेहरा ओळखीचा होता. डॉक्टरांच्या टेबलासमोर तो माझा होता.

"आसं का," तो म्हणाला. "तुमच्या घरच्याला पाह्यजे, आन् आमी आलो की लागत न्हाई. सभेत भाषण कशाला करता मंग?"

आतून पप्पा आले. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"भाऊ, सभेत मी चूक बोललो. माझा रिपोर्ट खराब आल्ता."

त्या माणसानं पिशवीतून काढलेली फाईल मांडीवर ठेवली.

"इंग्रजीत व्हता," पप्पा म्हणाले. "मला वाचताच आला न्हाई. चांगलाय समजून बसलो. अन् त्या टेस्टपायी पाच हप्ते सुई लांबवली, तीबी माझीच जिद्द. पोरगी लांबवू नका म्हणत व्हती. तुमी माझं बघून थांबू नका."

बाहेर एक ट्रॅक्टर गेला. मग त्या माणसानं फाईल पिशवीत घातली, "बघतो," म्हणाला आणि गेला. त्यानं इंजेक्शन घेतलं की नाही मला अजून कळलेलं नाही. दोनदा फोन केला, उचलला नाही.

मी तिथंच बसले होते. तोंड उघडायला एक क्षण लागला असता. मी उघडलं नाही. पप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही, उठून आत पाणी प्यायला गेले.

म्हणून इथं लिहिते. माझ्या वडलांना इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो. प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर तेच वाचलं. जिद्द त्यांची नव्हती. त्यांनी पहिल्याच दिवशी मला थांबू नको म्हणून सांगितलं होतं आणि रिपोर्ट मी त्यांना दिला नव्हता.